दगडाच्या झाडापर्यंत

वसईतल्या राजोडीच्या किनाऱ्यावर रविवारी हमखास एखादी गाडी रुतायची. ओहोटीची वाळू दिसायला घट्ट, सिमेंट ओतल्यासारखी. मुंबईहून आलेले लोक हौसेनं थेट पाण्यापर्यंत गाडी न्यायचे. गाडी उभी राहिली की चाकाखालची वाळू हळूहळू सुटते, हे त्यांना ठाऊक नसायचं. मग भरती चढायला लागायची, माणसं धक्के मारून दमायची आणि कोणीतरी मला हाक मारायचं.

माझ्याकडे लष्कराच्या लिलावातली जुनी जीप होती, चारही चाकांना जोर देणारी. आठवडाभर तिच्यातून सातिवलीच्या कारखान्यांना माल पोचवायचा आणि रविवारी राजोडीला सुरूच्या झाडांखाली उभं राहायचं, असा माझा क्रम होता. ही नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. मी तेव्हा छत्तीस-सदतीस वर्षांचा होतो. लग्न झालं नव्हतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती, मोठा भाऊ फ्लॅट घेऊन विरारला गेला होता आणि खाडीकाठच्या घरात मी एकटा उरलो होतो. बांध फुटल्यापासून घरापुढची भातशेती पडीक होती. शेवटच्या वर्षी आई पायरीवर बसून म्हणायची, "पानी बग, पार तुलशीपर्यंत आलाय." ती गेल्यावर पाणी कुठपर्यंत आलं हे सांगणारंही घरात कोणी राहिलं नाही. दिवसभरात मी दहा-बारा वाक्यं बोलत असेन. त्यांतली निम्मी जीपशी.

त्या रविवारी पांढऱ्या गाडीतून सगळे उतरले होते, पण एक बाई मागच्या सीटवर तशाच बसून होत्या. साठी ओलांडलेल्या, सुती साडी, जाड चष्मा. त्यांचा भाचा हातांनी वाळू उपसत होता. मी त्याला बाजूला केलं, आधी त्याच्या गाडीच्या चारही चाकांतली हवा कमी केली आणि मग दोर बांधायला घेतला. बाईंनी काच खाली केली.

"हवा का काढलीत?"

"चाक पसरतं. पसरलं की रुतत नाही."

"किती काढायची, हे कसं कळतं?"

"टायरला थोडं पोट सुटलं की थांबायचं."

गाडी निघाली. भाचा आभार मानत होता तोवर बाई उतरून माझ्या जीपभोवती फेरी मारून आल्या. गुडघ्यावर हात टेकून त्यांनी खालचा भागही पाहिला.

"ही दगडांतून जाईल? कोरड्या नदीच्या पात्रातून?"

"चालवणारा धीराचा असेल तर जाईल."

"तुम्ही आहात का धीराचे?"

असा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. "मला घाई कशाचीच नसते," एवढंच मला सुचलं.

त्यांनी पत्ता दिला. बोळिंजच्या एका संकुलात चौथ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. मुंबईच्या एका कॉलेजात तीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. लोक खिडकीत कुंड्या ठेवतात, तिथे त्यांनी दगड मांडले होते आणि प्रत्येक दगडाखाली एक चिठ्ठी होती. मी त्यांना पहिल्यापासून बाईच म्हणत आलो. शाळेत आम्ही सगळ्याच शिक्षिकांना बाई म्हणायचो, तीच सवय.

चहा झाल्यावर त्यांनी टेबलावर एक हाताने काढलेला नकाशा पसरला. निळी शाई फिकी पडून राखाडी झाली होती. कच्छमधल्या एका नदीची घळ होती ती. नदीचं नाव मी लिहीत नाही, कारण लोक अशा ठिकाणी छिन्नी-हातोडा घेऊन जातात.

"इथे, अगदी शेवटी, एक झाड आडवं पडलंय," त्या म्हणाल्या. "कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. पूर्ण दगड झालंय. मला ते बघायचंय. माझे गुडघे गेलेत, चालत जाणं होणार नाही. गाडी आत जाऊ शकली तरच."

"तुम्ही आधी पाहिलंय ना?"

"तरुणपणी गेले होते तिकडे," असं म्हणून त्या नकाशाची घडी घालू लागल्या.

जानेवारीत आम्ही निघालो. भाच्याला त्यांनी भूजचा राजवाडा बघायला जाते असं सांगितलं होतं. जीपच्या आवाजात बोलणं होत नाही, त्यामुळे दोन दिवसांच्या प्रवासात आम्ही फारसं बोललो नाही. रस्त्यासाठी डोंगर कापलेला दिसला की बाई बोटानं थांबायची खूण करायच्या, उतरून कातळ बघायच्या आणि परत येऊन बसायच्या. पहिला मुक्काम भरूचच्या धर्मशाळेत झाला. दुसऱ्या दिवशी दुपारी खाडीवरचा लांब पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग दिसायला लागले. मिठागरं मी जन्मापासून पाहिलेली. पण आमच्याकडे मिठागराच्या पलीकडे ताडाची एखादी रांग असते, चर्चचा मनोरा असतो. इथे नजर टेकायला काहीच नव्हतं. मी काच पुसायच्या निमित्तानं गाडी थांबवली. बाईंनी डब्यातली दशमी काढून माझ्या हातावर ठेवली. का थांबलो, ते विचारलं नाही.

घळीच्या तोंडाशी तीस-चाळीस घरांचं गाव होतं. तिथे एक म्हातारा मेंढपाळ भेटला. सत्तरीचा, काटक, पांढऱ्या मिशा. घळ माहीत आहे का विचारल्यावर तो म्हणाला, "पथरनुं झाड? चालो." वसईत गुजराती कानावर पडून पडून समजतं, त्यामुळे आमचं जमलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जीपच्या मागच्या फळीवर उभा राहिला आणि आम्ही नदीत उतरलो.

पहिला किलोमीटर सोपा होता, नुसती वाळू. मी चाकांतली हवा कमी केली, खालचा गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय काढून घेतला. अशा वेळी गाडीला तिच्या चालीनं चालू द्यावं लागतं. मग दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येऊ लागल्या. पिवळ्या, विटकरी, मध्येच जांभळट. वीस-पंचवीस फूट, मग पन्नास. वरचं आकाश अरुंद होत गेलं. वाळू संपून गोटे लागले. डोक्याएवढे, घागरीएवढे. म्हातारा पुढे चालून हात दाखवायचा, डावं चाक या दगडावर, उजवं त्या दगडावर, आणि मी वीतवीत गाडी सरकवायचो. बाई समोरची कांब दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. गाडी कलली की त्यांचा खांदा माझ्या खांद्यावर आदळायचा आणि त्या प्रत्येक वेळी "सॉरी" म्हणायच्या.

एका वळणावर त्या ओरडल्या, "थांबा!"

भिंतीचा खालचा थर करड्या मातीच्या दगडाचा होता आणि त्यात वळसेच वळसे दिसत होते. काही रुपयाएवढे, एक तर परातीएवढा. शंख चिरून आतली बाजू दाखवावी तसे. बाई उतरल्या आणि भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या.

"अमोनाइट," त्या म्हणाल्या. "समुद्रातला प्राणी. इथे समुद्र होता."

मी खाडीकाठचा माणूस. आमच्या परसात खड्डा खणला की शिंपल्या निघतात, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण समुद्रापासून इतक्या दूर, इतक्या कोरड्या जागी, माझ्या डोक्याच्या वर ते शंख बघून अंगावर काटा आला. मी एका वळशावरून बोट फिरवलं. तो मधोमध जाऊन संपत होता.

त्यानंतर अर्ध्या तासानं वाट अडली. पात्रात आडवी कातळाची पायरी होती, कंबरेएवढी उंच. पावसाळ्यात तिथून धबधबा पडत असणार. जीप चढण्यासारखी ती नव्हतीच. मी आणि म्हाताऱ्यानं दगड गोळा करून उतार रचायला घेतला. खाली मोठे, वर लहान, फटींत चिपा. बाई छत्री उघडून एका गोट्यावर बसल्या होत्या. बऱ्याच वेळानं मी पाणी प्यायला त्यांच्याजवळ आलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही एवढे कष्ट करताय, तर एक खरं सांगायला हवं. मी या घळीत कधी उतरलेच नाही."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आमच्या वर्गाची सहल आली होती. चार मुलगे आणि मी एकटी. सर म्हणाले, खाली धोका आहे, मुलीची जबाबदारी कोण घेणार? मुलगी वरच थांबेल. मी चार दिवस वर काठावर तंबूशी बसून होते. मुलगे संध्याकाळी वर यायचे, मला मोजमापं सांगायचे आणि मी नकाशा काढायचे. माझं अक्षर चांगलं होतं ना."

"म्हणजे तो नकाशा—"

"माझाच आहे. न बघता काढलेला." त्यांनी छत्री मिटली. "आणि मग मी तीस वर्षं ही घळ शिकवली. दरवर्षी. मुलं विचारायची, बाई, तुम्ही पाहिलंत का ते झाड? मी हो म्हणायचे. पहिल्या वर्षी तोंडातून निघून गेलं. पुढे नाही म्हणता येईना. ते झाड कसं पडलंय, खोड कुठे, मुळं कुठे, सालीवरून हात फिरवला की कसं लागतं, सगळं सांगायचे."

मी उतारावर आणखी दगड रचायला गेलो.

दुपारी उतार तयार झाला. म्हातारा वर उभा राहिला, बाई बाजूला झाल्या. पुढची चाकं चढली. मागची चढताना एक दगड निसटला, गाडी धाडकन खाली बसली आणि बंदुकीसारखा आवाज आला. पुन्हा जोर दिला तेव्हा गाडी वर आली, पण मागून वाकडी झालेली. खाली शिरून पाहिलं, तर डाव्या बाजूच्या पाट्याचं मुख्य पान तुटलं होतं. पाटे म्हणजे चाकावर गाडीचा भार घेणाऱ्या लोखंडी पट्ट्या. ते पान गेलं की चाक जागेवर राहील याचा भरवसा नाही.

बाई कातळाला धरून धरून वर आल्या. माझा चेहरा बघून त्यांना समजलं असावं.

"परत फिरू या," त्या म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच मला अरे-तुरे करत, "तुझं पोट आहे या गाडीवर. माझं काय, मी इतकी वर्षं न बघता काढलीत."

"किती राहिलं?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

त्यानं हातानं दाखवलं, दोन वळणं.

मी म्हाताऱ्याची कुऱ्हाड घेऊन बाभळीचं एक जाड लाकूड तोडलं, तासून पाट्यात ठोकून बसवलं आणि जीपच्या दोरानं करकचून आवळलं. गावाकडे बैलगाडीचा कणा मोडला की वडील असंच काहीतरी करायचे. वडिलांच्या गाडीत भात असायचा, एवढाच फरक. बाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्या पुन्हा परत फिरायचं म्हणाल्या नाहीत.

दोन वळणं पार करायला आम्हाला एक तास लागला. आणि मग घळ रुंद झाली आणि ते झाड समोर होतं.

चाळीसेक फूट लांब, आडवं. मध्ये मध्ये तुटून ढोलाएवढे तुकडे झालेले, पण रांगेत पडलेले. लाकडाचाच रंग. साल, गाठी, फांदी जिथून फुटली ती जागा, सगळं जसंच्या तसं. मी चापटी मारली, तर हाताला चटका बसला. ऊन खाऊन तापलेला दगड होता तो. बाई माझ्या हाताचा आधार घेत त्याच्याजवळ गेल्या. मला वाटलं त्या त्याला कवटाळतील. पण त्यांनी पिशवीतून होकायंत्र काढलं, नकाशा काढला, खोडावर ठेवला. पुन्हा होकायंत्र बघितलं. खोडाच्या एका टोकाला गेल्या, दुसऱ्या टोकाला आल्या. मुळांकडच्या जाड भागापाशी खूप वेळ थांबल्या.

"काय झालं, बाई?"

"हे असं नाहीये," त्या म्हणाल्या. "नकाशात मुळं ईशान्येला आहेत. ही तर सरळ उलट बाजूला आहेत." त्या चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत होत्या, पण मला बघत नव्हत्या. "झाड कसं पडलंय त्यावरून प्रवाह कुठून आला ते सांगतात. मी तीस वर्षं उलटं सांगितलं. चार जणांनी मोजून एवढी चूक कशी होईल?"

म्हातारा विडी ओढत बसला होता. बाईंनी त्याला विचारलं, फार पूर्वी, चाळीसेक वर्षांपूर्वी, शहरातले विद्यार्थी इथे आले होते, आठवतंय का? तो लगेच मान डोलवू लागला. आठवतं ना. तेव्हा तो जवान होता. चार पँटवाले होते. रोज सकाळी उतरायचे, त्या पायरीच्या अलीकडे सावलीत बसायचे, पत्ते खेळायचे, खायचे. पायरी चढून कोणी आलं नाही. त्यांनी त्यालाच विचारलं, पुढे काय आहे? त्यानं सांगितलं, दगडाचं झाड आहे. किती मोठं? त्यानं हातानं दाखवलं. कुठे तोंड? त्यानं तेही काहीतरी सांगितलं. त्याला बिस्किटांचा डबा मिळाला होता. डबा अजून घरी आहे म्हणाला.

बाईंनी ते नीट ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "अने उपर? उपर एक छोकरी बेठी हती?"

म्हाताऱ्यानं आठवून पाहिलं. "ना बेन. छोकरी तो कोई नहोती."

बाई तिथेच खोडाला टेकून खाली बसल्या. चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिल्या. काचा स्वच्छ झाल्या तरी पुसतच होत्या. मी थोडा दूर जाऊन उभा राहिलो. घळीत वारा नव्हता. आपल्या श्वासाचाही आवाज यावा इतकी शांतता होती. चार दिवस एक मुलगी त्या काठावर बसली होती आणि ते कोणाच्याही डोक्यात राहिलं नव्हतं. मला माझं रिकामं घर दिसायला लागलं. मी त्यात किती दिवस राहिलो हे कोण सांगेल, असं मनात येऊन गेलं.

"टेप आण," बाईंचा आवाज आला.

मी पिशवीतली मोजपट्टी आणली. पट्टीचं एक टोक म्हाताऱ्यानं धरलं, दुसरं मी. मी आकडे सांगायचो, बाई लिहायच्या. लांबी, घेर, प्रत्येक तुकड्याची दिशा. एखादा आकडा मी घाईत सांगितला की, "पुन्हा मोज," म्हणायच्या. त्यांच्या आवाजात वर्गातला करडेपणा आला होता आणि मला ते बरं वाटत होतं. ऊन भिंतीवर चढेपर्यंत आम्ही मोजत होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आलो. निघताना मी विचारलं, एखादा कपचा न्यायचाय का? त्या नको म्हणाल्या.

बाभळीचं ते लाकूड भूजपर्यंत टिकलं. तिथे पाटा बदलला.

घरी परतल्यावर मी दर गुरुवारी बोळिंजला जाऊ लागलो. विजेच्या टंचाईमुळे कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी असायची. बाई नवीन नकाशा काढत होत्या. मी समोर बसायचो. "त्या वळणावर उजवीकडे कातळ होता की गोटे?" असं विचारायच्या. मला बहुतेक आठवायचं. मग चहा, कधी भात-आमटी. त्या चौघांपैकी एकच आता हयात होता, आणि तो मोठा तज्ज्ञ झाला होता. नकाशा पुरा झाल्यावर बाईंनी त्याची एक प्रत आणि पत्र त्याला पाठवलं. मीच ते टपालात टाकलं. पाच महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. तब्येतीची चौकशी होती आणि शेवटी लिहिलं होतं, इतक्या जुन्या गोष्टी आता कशाला उकरायच्या. बाईंनी ते मला वाचून दाखवलं.

"म्हणजे नाकारलं तर नाही," मी म्हणालो.

"नाही. नाकारलं नाही," त्या म्हणाल्या आणि गॅस बंद करायला उठल्या.

पुढच्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि भाचा त्यांना नागपूरला घेऊन गेला. दगड त्यांनी कॉलेजला देऊन टाकले. फ्लॅटमध्ये दुसरे लोक आले. गुरुवारी काय करावं हे मला कितीतरी महिने कळत नव्हतं. मी जीप घेऊन उगाच राजोडीपर्यंत जायचो. कधी रविवारी बूथवरून त्यांना फोन करायचो. मी इकडचं पाणी, हवा, भरती सांगायचो. त्या ऐकायच्या.

मग तो सव्वीस जानेवारी आला. सकाळी मी भांडी घासत होतो आणि मांडणीवरचे पेले एकमेकांवर किणकिणले. दुपारपर्यंत टीव्हीवर भूकंपानं पाडलेलं कच्छ दिसायला लागलं. मी बूथवर गेलो. बाईंनी पहिल्याच रिंगला फोन उचलला.

"म्हातारा," एवढंच त्या म्हणाल्या.

"मी जातो."

"जीप जाईल?"

"जाईल."

तीन आठवड्यांनी गेलो. गावातून, चर्चमधून, देवळातून लोकांनी तांदूळ आणि चादरी दिल्या होत्या, त्या भरून. शेजारची सीट रिकामी होती. खाडीवरच्या पुलाला तडे गेले होते, गाड्या एकेक करून सोडत होते. म्हाताऱ्याचं गाव उरलंच नव्हतं. दगडांचे ढीग होते आणि त्यांच्यामध्ये पत्र्याच्या शेड. म्हातारा वाचला होता. त्या सकाळी मेंढरं घेऊन बाहेर होता. त्याची बायको घरात होती. तो मला बघून उठला नाही, नुसती बाजूला जागा केली. मी त्याच्याजवळ बसलो. माझी गुजराती तेवढ्याला पुरणारी नव्हती, आणि मराठीतही मला काही बोलता आलं नसतं.

निघायच्या आदल्या सकाळी तोच म्हणाला, चाल, बघून येऊ. गाडी नेली नाही. पायरीच्या अलीकडेच वाट संपली होती. डावीकडची आख्खी भिंत खाली येऊन घळ बुजली होती. झाड पलीकडे होतं की त्याखाली, हे सांगता येईना. आम्ही वळसा घालून वरच्या काठावर चढलो. तिथून खाली बघायचा खूप प्रयत्न केला. कडा इतका पुढे आलेला होता की पात्र दिसतच नाही. समोरचा काठ दिसतो, आकाश दिसतं, आणि एखादी घार. बाईंनी चार दिवस हे पाहिलं होतं. मी तिथे बसलो. म्हातारा मेंढरांकडे निघून गेला, तरी उठावंसं वाटेना.

वसईला आल्या आल्या फोन केला. मला वाटलं बाई रडतील. त्यांनी आधी म्हाताऱ्याची सगळी चौकशी केली, त्याची बायको कशी गेली ते विचारलं. मग म्हणाल्या, "आता नीट सांग. दरड कुठल्या बाजूची आली?"

"डावीकडची. जाताना डावीकडची."

"तुटलेल्या भागाचा रंग?"

"आत पिवळा. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यासारखा, ओलसर. बाहेरून विटकरी."

"दगड केवढे?"

"काही आपल्या जीपएवढे. एक घराएवढा."

"शंखांचा थर?"

"तो आधीच्या वळणावर. तो शाबूत आहे. मी हात लावून आलो."

पलीकडे कागदावर पेन चालल्याचा आवाज येत होता. त्या एकेक गोष्ट दोनदा विचारत होत्या आणि मला सगळं सांगता येत होतं. त्या विचारणार हे माहीत होतं म्हणूनच मी इतकं बारकाईनं पाहिलं होतं. बूथच्या काचेवर कोणीतरी टकटक करू लागलं. मी पाठ वळवली आणि बोलत राहिलो.

पुढच्या पावसाळ्यानंतर बाई गेल्या. भाच्याचं पत्र आलं तेव्हा तेरावाही उरकला होता. आणखी दोन-तीन वर्षांनी जीपचे भाग मिळेनासे झाले आणि मी सातिवलीतल्याच एका कारखान्यात टेम्पोवर नोकरी धरली. कच्छला जाऊन आलो हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. भूकंपाबद्दल लोक विचारतात, किती घरं पडली, किती माणसं गेली. मी सांगतो. दरड कुठल्या बाजूची आली, हे बाईंनंतर मला कोणी विचारलेलं नाही.